साडीगार्ड

खडखडायचं म्हणून मीच काढलं होतं.
चार नटबोल्ट, दहा मिनिटांचं काम,
रविवारी सकाळी, पोहे होईपर्यंत.
जिन्याखाली ठेवलं, कधीतरी भंगारात देऊ म्हणून.

मंगळवारी मालगंजच्या वळणावर
रेवाचा पाय मागच्या चाकात गेला.
मला वाटलं दप्तराचा पट्टा अडकला,
मी ॲक्सिलेटर पिळला.
एवढं एक वाक्य अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एम. वाय.मध्ये डॉक्टर निमगावकरांनी
पावतीच्या पाठीवर पाऊल काढलं,
शाळकरी पोरानं काढावं तसं. बोटं चारच.
म्हणाले, टाच गेलीय, हाड दिसतंय.
मांडीचं पातळ कातडं इथं तगणार नाही,
चार पावलांत फाटेल.
ही बघा, तळव्याची कमान.
इथलं कातडं टाचेच्याच जातीचं, जाड, चिवट,
पण जन्मल्यापासून जमिनीला टेकलेलं नाही.
फार आरामात राहिलंय. आता कामाला लावू.
उचलायचं, फिरवायचं, टाचेवर बसवायचं,
फक्त देठ तोडायचा नाही.

देठ म्हणाले ते.
काडीएवढी रक्तवाहिनी, तिला बिलगलेला मज्जातंतू.
आमच्या गॅलरीतली कारल्याची वेल
मी अशीच वळवून शेजारच्या जाळीवर नेतो,
श्वास धरून.

साडेचार तास.
बाकावर उज्ज्वला, मांडीवर रेवाचा उरलेला एक बूट,
त्याची लेस सोडत होती, बांधत होती.
साडीगार्डचं तिनं त्या दिवशी विचारलं नाही.
नंतरही नाही.

रात्री सिस्टर डामोर आल्या, झाबुआकडच्या.
बँडेजला ठेवलेल्या खिडकीतून बोट दाबलं: पांढरं.
सोडलं: गुलाबी.
"हर घंटे ऐसे देखना भैया, नीला दिखे तो दौड़ना.
और बीड़ी-सिगरेट पीके इसके पास मत आना,
नस सिकुड़ जाती है."
मी खिशातलं पाकीट डब्यात टाकलं,
तासाभरानं बाहेर काढलं,
मग त्यावर पाणी ओतून पुन्हा टाकलं.

एक वाजता गुलाबी.
दोन वाजता गुलाबी.
तीनला माझा डोळा लागला.
चारला निळं दिसलं, अनवाणी धावलो.
तो ट्यूबलाइटचा रंग निघाला.
सिस्टरनी तरी सुई टोचून बघितली:
टिपूस वर आला, लाल, ताजा,
आणि झोपेतच रेवाची बोटं आखडली.
"दुखा इसको," त्या म्हणाल्या,
पेढा देताना बोलावं तशा आवाजात.

आता कमानीत मांडीचं कातडं आहे, जाळीजाळीचं.
न्हाणीतून ओल्या पायांनी ती खोलीभर फिरते
आणि उज्ज्वला फडकं हातात घेऊन उभी राहते,
लगेच पुसत नाही.

मी रोज रात्री टाचेला खोबरेल लावतो.
ती पाय झाडते, खिदळते:
"बाबा, मधे नको ना, मधे गुदगुल्या होतात!"
मी मधे नाहीच. मी टाचेवर आहे.
डॉक्टर म्हणतात, कातडं जागचं हललंय
हे मेंदूला कळायला वेळ लागतो,
पत्ता जुनाच धरून बसतो तो.
मी म्हटलं, बसू दे की. घाई काय आहे?

काल जेल रोडवर चपला घ्यायला गेलो.
दुकानदारानं अंगठ्यानं टाच दाबून विचारलं,
"चुभ तो नहीं रही, बेटा?"
रेवा हसत सुटली. तो आपला बघतोय
एकदा चपलेकडे, एकदा माझ्याकडे.

येताना ती मागे बसली, शर्ट मुठीत धरून.
साडीगार्ड पुन्हा बसवलंय, जुनंच.
एक बोल्ट काही केल्या सापडला नाही, तिथं तार गुंडाळलीय.
घरापर्यंत खडखडत होतं.
मालगंजच्या वळणावर तर फारच.